यकृतातला 'लीजन' : एकदा सीटी झाला, तरी पुन्हा सीटी कशाला?

रेघोटी | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

सल्ला मागत नाहीये, डॉक्टर गाठून झालेत. पण रिपोर्ट हातात पडल्यापासून डोकं चालेनासं झालंय आणि इथे या विषयातली जाणती माणसं आहेत, हे जुन्या धाग्यांवरून माहीत आहे.

ताईला (वय ४६) उजव्या बरगडीखाली अधूनमधून कळ यायची, म्हणून सोनोग्राफी केली. पित्ताशयात खडे निघाले. ते अपेक्षितच होतं. पण त्याच कागदावर खाली एक ओळ होती : यकृताच्या उजव्या भागात ३.२ सेंटीमीटरचा लीजन. झालं! खडे राहिले बाजूला. दोन दिवसांत कॉन्ट्रास्ट देऊन सीटी केला. रिपोर्ट म्हणतो : 'सेगमेंट ७ मध्ये हायपोडेन्स (भोवतालच्या यकृतापेक्षा काळपट) लीजन, कडेने एन्हान्समेंट (डायने उजळणं). हिमॅन्जिओमा असू शकतो, मेटास्टॅसिस नाकारता येत नाही. श्वासाच्या हालचालीमुळे चित्रं किंचित अस्पष्ट. ट्रायफेजिक (तीन फेजचा, म्हणजे तीन टप्प्यांचा) सीटी किंवा एमआरआय करावा.'

म्हणजे एका वाक्यात निरुपद्रवी गाठ आणि त्याच वाक्यात पसरलेला कॅन्सर. यातून माणसानं काय समजायचं? आणि सीटी केला, डाय दिला, मग परत सीटी कशाला? पहिल्या वेळी नीट करता आला नसता का? (एमआरआय आम्हाला सहज शक्य नाही. ताईच्या कानात जुनं कॉक्लिअर इम्प्लांट आहे, आत चुंबक आहे.)

---

टवाळ_पाखरू | सोमवार, रात्री ९:५८

आज रात्री गूगल करायचं नाही, एवढं ऐका. मी एकदा साध्या खोकल्यावर केलं होतं, पहाटेपर्यंत मृत्युपत्राचा कच्चा मसुदा तयार होता.

बाकी जाणकार येतीलच. ताईंना शुभेच्छा.

---

सरळमार्गी | सोमवार, रात्री १०:२०

एवढा काथ्याकूट कशाला? सुई घालून तुकडा काढायचा, लॅबला पाठवायचा, एकदाचा सोक्षमोक्ष. फोटोवरून अंदाज बांधत बसण्यात काय हशील?

---

क्षकिरण | सोमवार, रात्री ११:३५

रेघोटी, मी रेडिऑलॉजिस्ट आहे. पोटाचे सीटी बघण्यातच दिवस जातो. ताईंची चित्रं मी पाहिलेली नाहीत, तेव्हा त्यांच्या गाठीबद्दल काहीही बोलणार नाही. 'पुन्हा कशाला' एवढ्याचं उत्तर देतो.

आधी शब्दाची भीती काढू. लीजन म्हणजे आजूबाजूपेक्षा वेगळं दिसणारं काहीही. पाण्याची साधी गाठ लीजन, गळू लीजन, कॅन्सरही लीजन. तो शब्द निदान नाही, निदान व्हायचं बाकी आहे याची कबुली आहे.

आता मुद्दा. यकृताला रक्त दोन वाटांनी येतं. साधारण पाऊण हिस्सा आतडी आणि प्लीहेकडून पोर्टल व्हेनमार्गे, उरलेला पाव हिपॅटिक धमनीतून. आमचा सगळा धंदा या दुहेरी वाटेवर चालतो. हाताच्या शिरेत सोडलेला कॉन्ट्रास्ट धमनीच्या वाटेने आधी पोचतो आणि पोर्टलच्या वाटेने आतड्यांचा वळसा घेऊन नंतर. म्हणून इंजेक्शननंतर ३५-४० सेकंदांनी चित्र घेतलं तर निरोगी यकृत अजून फिकंच असतं, पण धमनीवर पोसलेली गाठ तेवढी उजळून उठते. हा आर्टेरियल फेज. ७० सेकंदांच्या आसपास अख्खं यकृत उजळतं आणि पोर्टलचं रक्त न घेणारी गाठ काळ्या डागासारखी दिसते. हा पोर्टल व्हीनस फेज. ३ ते ५ मिनिटांनी डिलेड फेज : कुणी डाय धरून ठेवला, कुणी सोडून दिला, ते तेव्हा कळतं.

म्हणजे गाठ ओळखायची ती तिच्या रूपावरून नाही, वागण्यावरून. एकच फेज घेतला तर तुमच्या हातात एक फोटो असतो. दारात उभ्या असलेल्या माणसाचा फोटो बघून तो आत येतोय की बाहेर जातोय, हे सांगता येतं का? तसंच आहे हे. पोटदुखीसाठी म्हणून सीटी सांगितला असेल तर बहुतेक ठिकाणी एकटा पोर्टल फेजच घेतात, आणि पोटदुखीसाठी ते बरोबरही आहे. मागणीच्या कागदावर 'यकृतातला लीजन ओळखण्यासाठी' असं लिहिलं असतं तर कदाचित तीन फेज झाले असते. चूक झाली असलीच तर मशीनपाशी नाही, त्या कागदावर झाली.

हिमॅन्जिओमा आणि मेटास्टॅसिस एका वाक्यात का आले, तेही सांगतो. दोन्हींची कड उजळते. फरक बारीक आहे, पण पक्का आहे. हिमॅन्जिओमा म्हणजे रक्तवाहिन्यांच्या पोकळ्यांचा गुंता, स्पंजासारखा. त्यात डाय कडेकडून गोळ्यागोळ्यांनी शिरतो : इथे एक ठिपका, तिथे एक, मधे रिकामं. कडं तुटक असतं. मग मिनिटामिनिटाने ते गोळे आतल्या बाजूला पसरत जातात, टीपकागदावर शाई पसरावी तसे. आणि ते ठिपके शेजारच्या महाधमनीइतकेच उजळ असतात, कारण आत रक्तच आहे. मेटास्टॅसिसचं कडं बहुधा सलग असतं, बांगडीसारखं, आणि आत कितीही वेळ थांबा, भरत काही नाही. उलट कधीकधी बाहेरचं कडंच फिकं पडतं. आता सांगा, एकाच फेजमध्ये आणि तेही हललेल्या चित्रात, कडं तुटक की सलग हे छातीठोकपणे कोण सांगणार? ज्याने 'नाकारता येत नाही' लिहिलं, त्याने प्रामाणिकपणा केला.

सरळमार्गी, सुईबद्दल उद्या लिहितो. झोपतो आता.

---

गॅन्ट्रीवाला | मंगळवार, सकाळी ७:१०

सीटी टेक्नॉलॉजिस्ट, बारा वर्षं. क्षकिरण सरांनी सगळं सांगितलंय, पण फेज 'पकडावा' लागतो, हे लोकांना ठाऊक नसतं.

१०० मिलीच्या आसपास डाय असतो. (डाय म्हणतात खरं, पण रंग नसतोच. पाण्यासारखं पारदर्शक, किंचित चिकट, आयोडीनचं संयुग असतं ते.) सेकंदाला ४ मिली वेगाने पंप तो ढकलतो, म्हणजे २५ सेकंदांत खेळ खलास. त्यासाठी कोपराजवळच्या शिरेत १८ किंवा २० नंबरची सुई हवी. पेशंट हाताच्या मागे बारीक सुई लावून येतात आणि 'हीच चालवा, परत टोचू नका' म्हणतात. नाही चालत हो. वेग कमी केला की आर्टेरियल फेज बोंबलला.

मग घड्याळ लावून ३५ सेकंदांनी बटण दाबायचं का? तेही नाही. प्रत्येकाचं हृदय वेगळ्या गतीने रक्त ढकलतं, अशक्त हृदय असेल तर डाय उशिरा पोचतो. म्हणून आम्ही महाधमनीवर एक छोटं वर्तुळ काढून ठेवतो. मशीन तिथे पुन्हा पुन्हा अगदी कमी मात्रेत बघत राहतं, उजळपणाचा आकडा १००-१५०च्या वर गेला की ठरावीक सेकंद थांबून स्कॅन आपोआप सुरू. पेशंटला तेव्हा अंगभर गरम लाट आल्यासारखं वाटतं, तोंडात धातूची चव येते आणि लघवी झाली की काय असं वाटतं. झालेली नसते. हे आधी सांगितलं नाही तर माणूस दचकून हलतो, आणि नेमका आर्टेरियल फेज वाया जातो.

रेघोटीताई, 'श्वासाच्या हालचालीमुळे अस्पष्ट' असं लिहिलंय ना? सेगमेंट ७ हा यकृताचा वरचा भाग, डायफ्रामच्या (छाती-पोटामधल्या श्वासाच्या पडद्याच्या) लगत. श्वास घेतला की तो भाग वरखाली सरकतो. म्हणून एक विचारतो : आत जाताना ताईंच्या कानाचं बाहेरचं यंत्र काढायला लावलं होतं का?

---

रेघोटी | मंगळवार, सकाळी ७:४२

अरे देवा. हो. कानातलं, गळ्यातलं, यंत्र, सगळं एका ट्रेमध्ये काढून ठेवायला सांगितलं. यंत्र काढलं की ताईला काहीही ऐकू येत नाही. 'श्वास रोखा' कोणी म्हटलं असेल तरी तिच्यापर्यंत पोचलंच नसणार. ती म्हणालीही होती, 'आत कुणी काही बोललंच नाही.' आम्ही हसलो त्यावर.

---

गॅन्ट्रीवाला | मंगळवार, सकाळी ७:५५

वाटलंच. यात ताईंचा काही दोष नाही, आमच्यातल्या कुणीतरी विचारायला हवं होतं. पुढच्या वेळी नाव सांगताना हेच पहिलं सांगा. पोटाच्या सीटीत कानाचं यंत्र किरणांच्या वाटेत येत नाही, तेव्हा ते ठेवू देतील का, हे तिथेच विचारा. नाही म्हणाले तर बऱ्याच मशीनवर श्वास रोखण्यासाठी दिव्याची खूण असते, ती आधी दाखवायला सांगा. टेबलावर झोपवून दोन-तीनदा तालीम करून घ्या. पोटभर श्वास घेऊन रोखायची गरज नाही, प्रत्येक वेळी सारखाच घेतला म्हणजे झालं. नाहीतर एका फेजमध्ये गाठ एका पातळीवर आणि दुसऱ्यात दीड सेंटीमीटर खाली.

---

चष्मिष्ट | मंगळवार, दुपारी १:१५

धागा वाचून विचारावंसं वाटलं. बाबांना हिपॅटायटिस बी मधून सिरॉसिस (यकृत कडक होऊन आकसणं) आहे. दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी होते. त्यात १.८ सेंटीमीटरची गाठ दिसली, तीन फेजचा सीटी झाला आणि डॉक्टर सरळ म्हणाले, हा यकृताचाच कॅन्सर आहे, ॲब्लेशन करू, म्हणजे गाठ जागच्या जागी जाळून टाकू. बायोप्सी नाही, काही नाही. एएफपी (यकृताच्या कॅन्सरसाठीची रक्ततपासणी) तर नॉर्मल होतं! आम्ही गोंधळलो. रेघोटींच्या ताईंना ३.२ ला 'सांगता येत नाही' आणि आमच्याकडे १.८ ला 'खात्री आहे'?

---

क्षकिरण | मंगळवार, रात्री १०:०५

चष्मिष्ट, तुमचा प्रश्न मला या धाग्यावरचा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण एकच चित्र दोन वेगळ्या माणसांत दोन वेगळ्या गोष्टी सांगतं.

सिरॉसिस असलेल्या यकृतात गाठी हळूहळू बिघडत जातात. बिघडताना त्यांचा पोर्टलचा पुरवठा आटतो आणि स्वतःच्या नव्या धमन्या फुटतात. म्हणून हिपॅटोसेल्युलर कार्सिनोमा, म्हणजे आमच्या भाषेत एचसीसी, आर्टेरियल फेजमध्ये भसकन उजळतो. आणि पोर्टल-डिलेडमध्ये भोवतालचं यकृत उजळलेलं असताना हा मात्र त्याच्यापेक्षा काळा पडतो. त्याला वॉशआउट म्हणतात. सोबत कधी बारीक उजळ कवच दिसतं. धोका असलेल्या माणसात ही जोडी एवढी बोलकी आहे की जगभर बायोप्सीशिवाय निदान मान्य केलं जातं. फार थोड्या कॅन्सरांच्या नशिबी हे आहे.

यासाठी अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिऑलॉजीने २०११ पासून लाय-रॅड्स नावाची पद्धत आणली, सध्या तिची २०१८ची आवृत्ती बहुतेक जण वापरतात. त्यात एलआर-१ म्हणजे नक्की निरुपद्रवी, एलआर-५ म्हणजे नक्की एचसीसी. १ ते २ सेंटीमीटरमधली गाठ आर्टेरियलमध्ये (नुसत्या कडेने नव्हे, आतूनही) उजळली आणि नंतर वॉशआउट दाखवला, तर ती ५ मध्ये बसते. बाबांचं बहुधा तसंच झालं असेल, रिपोर्टात 'एलआर' शोधा. एएफपी नॉर्मल असण्यावर विसंबू नका. लहान एचसीसीत ते बरेचदा नॉर्मलच असतं.

पण ही पद्धत सिरॉसिस किंवा जुना हिपॅटायटिस बी असलेल्या मोठ्या माणसांसाठीच आहे. निरोगी यकृताच्या तिशीतल्या बाईत आर्टेरियलला उजळणारी गाठ दिसली तर माझ्या डोक्यात आधी एफएनएच येतो, फोकल नोड्यूलर हायपरप्लेजिया. तो भसकन उजळतो, पण पोर्टलला यकृतात असा मिसळून जातो की शोधावा लागतो. वॉशआउट नाही. मधोमध चट्टा असतो, तो मात्र उशिरा उजळतो. त्याला हात लावायची गरज नसते. त्याचा लबाड भाऊ म्हणजे ॲडेनोमा. गर्भनिरोधक गोळ्या किंवा स्नायू वाढवणारी स्टिरॉइडं घेणाऱ्यांत होतो, कधीकधी आत रक्तस्राव करतो, ५ सेंटीमीटरच्या वर गेला तर शल्यचिकित्सक गंभीर होतात. या दोघांना सीटीवर वेगळं करताना मलाही घाम फुटतो, तिथे एमआरआयच लागतो.

सरळमार्गी, आता सुई. यकृतातली बायोप्सी काही वाईट नाही, हजारोंनी होते. पण हिमॅन्जिओमात सुई घातली तर रक्तस्राव होऊ शकतो, आणि एचसीसीमध्ये सुईच्या वाटेवर पेशी सांडायचा थोडा का होईना, धोका असतो. ज्याचं उत्तर चित्रात मिळतंय त्याला टोचायचं कशाला? चित्र अडलं की सुई आहेच.

---

सरळमार्गी | मंगळवार, रात्री १०:३०

मान्य. शब्द मागे घेतो. हिमॅन्जिओमात सुईने रक्त येतं हे माहीत नव्हतं.

---

गोगलगाय | बुधवार, सकाळी ११:००

तीन फेज म्हणजे तिप्पट किरणं ना? त्याबद्दल कुणीच बोलत नाही. आणि किडनीचं काय?

---

क्षकिरण | बुधवार, दुपारी २:२०

बोलायलाच हवं. पोटाचा एक फेज ढोबळमानाने ८-१० मिलिसिव्हर्ट (किरणांची मात्रा मोजायचं एकक). निसर्गातून माणसाला जगभर सरासरी वर्षाला २.४ मिळतात. तेव्हा फेज जितके लागतील तितकेच घ्यायचे. तरुण माणसात शक्य तिथे एमआरआय किंवा कॉन्ट्रास्ट सोनोग्राफी. पण अर्धवट सीटी करून तो परत करणं म्हणजे किरणंही गेली आणि उत्तरही नाही.

किडनीसाठी रक्तातल्या क्रिॲटिनिनवरून ईजीएफआर, म्हणजे किडनी किती गाळते याचा अंदाज, काढतात, तो ३०च्या खाली असेल तर थांबून विचार करतात. मेटफॉर्मिन (मधुमेहाची गोळी) चालू असेल तर सांगा. पूर्वी कधी डायने अंगावर गांधी उठल्या असतील, श्वास लागला असेल तर ते न विचारता सांगा.

---

उंबरठा | बुधवार, रात्री ८:४५

माझा अनुभव उलट्या बाजूचा. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं तेव्हाच्या सीटीत यकृतात तीन ठिपके होते, प्रत्येक ६-७ मिलिमीटरचा. 'इतके लहान की ओळखता येत नाहीत' असं लिहिलं होतं. मी ते वाक्य मृत्युदंडासारखं वाचलं. माझ्या रेडिऑलॉजिस्टबाईंनी समजावलं की कॅन्सर झालेल्या माणसातसुद्धा एवढे बारीक ठिपके बहुतेकदा साध्या पाण्याच्या गाठी निघतात, आणि त्यांच्या उजळपणाचा आकडा मोजायला जावं तर शेजारचं यकृतही मोजमापात घुसतं. तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी, वर्षाने बघितलं. ठिपके जसेच्या तसे. अजून आहेत. आता मी त्यांना भाडेकरू म्हणते.

एक गंमत मात्र झाली. केमोनंतरच्या सीटीत चौथा डाग आला, मधल्या लिगामेंटच्या शेजारी, वेड्यावाकड्या कडांचा. घरी सगळे गारठले. बाईंनी पडद्यावर दाखवलं : डागातून रक्तवाहिनी सरळ जातेय, ढकललेली नाही, वाकलेली नाही. गाठ असती तर शेजाऱ्यांना रेटलं असतं. ती नुसती चरबी साठलेली जागा होती.

---

क्षकिरण | बुधवार, रात्री ९:३०

उंबरठा, तुमच्या रेडिऑलॉजिस्टबाईंना माझा नमस्कार सांगा. मी विद्यार्थ्यांना तेच सांगतो : डाग बघू नका, डागातून जाणारी वाहिनी बघा.

भर घालतो. केमोने यकृतच चरबीने काळं पडलं तर काळा मेटास्टॅसिस त्यात लपतो. पांढऱ्या भिंतीवरचा काळा डाग दिसतो, करड्या भिंतीवरचा नाही. आतड्याचे मेटास्टॅसिस पोर्टल फेजमध्ये चांगले दिसतात, म्हणून तुमच्या फेरतपासणीत एक फेज पुरतो. न्यूरोएंडोक्राइन किंवा मूत्रपिंडाच्या कॅन्सरची पिल्लं मात्र आर्टेरियलमध्ये उजळतात, तो फेज वगळला तर चक्क सुटतात.

---

रेघोटी | पुढचा शुक्रवार, संध्याकाळी ६:१५

मंडळी, काल ट्रायफेजिक सीटी झाला.

मागणीच्या कागदावर डॉक्टरांकडून 'सेगमेंट ७चा लीजन ओळखण्यासाठी' असं लिहून घेतलं. दुसऱ्या सेंटरला गेलो. ताईचं यंत्र कानावर राहू दिलं, शिवाय तिथल्या मुलाने काचेपलीकडून हात वर-खाली करून तालीम घेतली. ताई म्हणते, गरम लाट आली तेव्हा ती हसली, कारण गॅन्ट्रीवाल्यांचं लघवीचं वाक्य आठवलं. सुदैवाने हसली ती दोन फेजच्या मधल्या वेळात.

तिथल्या रेडिऑलॉजिस्टनी आम्हाला आत बोलावून पडद्यावर दाखवलं. आधी डायशिवाय : गाठ करड्या रंगाची, त्यावर माउसने वर्तुळ काढलं, उजळपणाचा आकडा ३६. मग आर्टेरियल. काठावर चार पांढरे ठिपके, एक मोठा, तीन बारीक, मधे चक्क तुटलेलं. मी मोजले ते. पोर्टलमध्ये ठिपके फुगले, एकमेकांना चिकटायला लागले. पाच मिनिटांनंतरच्या चित्रात गाठ जवळजवळ पूर्ण भरलेली, मधे तांदळाएवढी काळी रेघ शिल्लक. त्यांनी एक वर्तुळ गाठीवर काढलं, एक महाधमनीवर. १०५ आणि ११०. म्हणाले, 'दोन्हीकडे एकच रक्त आहे, बघा.' पहिल्या सेंटरची सीडीही त्यांनी लावली. तिथे तोच काठ इतका फरफटलेला होता की ठिपक्यांचं सलग कडंच झालं होतं. पहिल्या रिपोर्टवर मी चिडले होते, पण ते चित्र बघून 'नाकारता येत नाही' असंच मीही लिहिलं असतं.

रिपोर्ट : हिमॅन्जिओमा. उपचारांची गरज नाही.

क्षकिरण, गॅन्ट्रीवाला, दोघांना दंडवत. कान-यंत्राचा प्रश्न विचारला नसता तर दुसरा सीटीही तसाच हलला असता.

---

टवाळ_पाखरू | शुक्रवार, संध्याकाळी ६:२२

वा! मसुदा फाडा आता.

---

गॅन्ट्रीवाला | शुक्रवार, संध्याकाळी ७:०५

लय भारी. त्या मुलाला माझ्याकडून शाबासकी. दोन्ही सीडी जपून ठेवा, उद्या दुसऱ्या कशासाठी सोनोग्राफी झाली तर हाच लीजन परत निघणार आणि परत सगळ्यांची पळापळ.

---

चष्मिष्ट | शुक्रवार, रात्री ८:३०

अभिनंदन रेघोटी! बाबांच्या रिपोर्टात 'एलआर-५' सापडलं, दुसऱ्या पानावर अगदी खाली. मंगळवारी ॲब्लेशन.

---

क्षकिरण | शुक्रवार, रात्री ९:१०

चष्मिष्ट, महिन्याभराने परत सीटी सांगतील. त्यात जाळलेली जागा मूळ गाठीपेक्षा मोठी दिसेल, घाबरू नका, ती तशीच हवी. आतून ती उजळत नाही ना, तेवढं बघायचं असतं.

रेघोटी, फार आनंद झाला. आणि ताईंच्या पित्ताशयातल्या खड्यांचं काय ठरलं?

---

रेघोटी | शुक्रवार, रात्री ९:१४

...खडे! दहा दिवसांत एकानेही विचारलं नाही. ताईसकट.